सव्वादोन तास

आम्ही म्हणजे दोघी जावा. थोरली अठ्ठेचाळीस वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. धाकटी छत्तीसची, घरी शिवणकाम करते. साताऱ्याच्या सदर बझारातल्या एका बोळात आमचं घर. खाली थोरलीच्या नवऱ्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज, वर आम्ही सगळे. धाकटीचा नवरा मस्कतला. वर्षाकाठी महिनाभर येतो, त्यातले दहा दिवस नातेवाइकांत जातात. त्यामुळं घरात खरी जोडी कुणाची असेल तर ती आम्हा दोघींची. भाजी एकत्र, भांडण एकत्र, आणि २०२२ पासून पळणंही एकत्र.

पळण्याची सुरुवात हौसेनं झाली नाही. सासूबाईंच्या, म्हणजे अम्मांच्या पायाचा अंगठा साखरेनं गेला. ड्रेसिंग आम्हीच करायचो. त्याच वर्षी थोरलीच्या रक्तातही साखर निघाली आणि धाकटीचं हिमोग्लोबिन नऊच्या आत आलं. डॉक्टर म्हणाले, एकीनं चालायला लागा, दुसरीनं खायला लागा. आम्ही दोन्ही गोष्टी दोघींनी केल्या. लॉकडाउनमध्ये गच्चीवर चाललो. गच्चीची लांबी सव्वीस पावलं. पुढं रस्ते मोकळे झाले तेव्हा पहाटे गोडोलीच्या तळ्याकडं जायला लागलो. एके दिवशी कुत्रं मागं लागलं आणि आम्ही पळालो. कुत्रं केव्हाच थांबलं होतं, तरी आम्ही कोपऱ्यापर्यंत पळतच होतो. धाकटी धापा टाकत हसली आणि म्हणाली, "भाभी, पुराना दम अभी बाकी है." तिथून हे सुरू झालं.

कुत्र्यांसाठी थोरलीचे मालक आठवडाभर स्कूटरवरून, हातात काठी घेऊन, आमच्या मागं आले. आठव्या दिवशी म्हणाले, कुत्र्यांची आता ओळख झालीय, मी झोपतो.

बोळातून बाहेर पडताना अंगावर बुरखा असायचा. स्टेडियमच्या फाटकाशी वॉचमनकाकांच्या खोलीत एक खुर्ची होती, तिच्या पाठीवर दोन्ही बुरखे टाकायचे आणि ट्रॅकपँट, लांब बाह्यांचा कुडता, डोक्याला रुमाल अशा वेषात फेऱ्या मारायच्या. सुती रुमाल घामानं जड होतो आणि कानाशी घासतो. धाकटीनं खेळाच्या बनियनचं कापड आणून त्याचे रुमाल शिवले. चार वेळा उसवले तेव्हा कुठं मापात बसले. असे रुमाल तिच्याकडं पुढं मोहल्ल्यातल्या सहा-सात पोरींनी शिवून घेतले. त्यातल्या दोघी कॉलेजात कबड्डी खेळतात.

एका सकाळी थोरलीला शाळेची घाई होती आणि आम्ही बुरखे खुर्चीवरच विसरून आलो. बोळात शिरल्यावर लक्षात आलं. दूधवाला, भंगारवाले चाचा, नळावरच्या बायका, सगळे तिथंच होते. मागं फिरावं तर उशीर होणार. तशाच चालत गेलो. कुणी काही बोललं नाही. बोलले ते चार दिवसांनी, आणि आम्हाला नाही, अम्मांना. एक बुजुर्ग बाई मुद्दाम घरी आल्या. चहा घेतला. म्हणाल्या, तुमच्या बहुआं कायकू भागतीं? घर में क्या कमी है?

अम्मा पलंगावर बसून तसबीह फिरवत होत्या. अम्मांची शाळा चौथीपर्यंतची, पण वाजाच्या मजलिशी ऐकून ऐकून त्यांच्याकडं किश्श्यांचा मोठा साठा. त्यांनी हजरत आयेशांचा किस्सा काढला. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी सफरीत त्यांच्याबरोबर शर्यत लावली होती, त्यात आयेशाबी जिंकल्या होत्या. पुढं त्यांचं अंग भरलं, तेव्हा पुन्हा शर्यत लागली आणि हुजूर जिंकले, आणि त्या वेळची फेड झाली असं हसत म्हणाले. हे हदीसच्या किताबात आहे. अम्मांनी सांगून संपवलं आणि पुन्हा तसबीह सुरू केली. बाईंनी दुसरा कप चहा घेतला. आम्ही दाराआड उभ्या होतो. त्या दिवशी अम्मांना जे काही वाटलं ते वाटलं. आम्हाला मात्र पुढच्या कित्येक महिन्यांचं तिकीट मिळालं.

२०२३ च्या सप्टेंबरात साताऱ्याच्या घाटातली अर्धी मॅरेथॉन पळालो. अर्धी म्हणजे एकवीस किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा. आम्ही निम्मा घाट चाललो. मागून येणाऱ्या शाळेतल्या पोरांनी आम्हाला "चला मावशी" म्हणून ढकलत नेलं. मग एका सपाट रस्त्यावरच्या स्पर्धेत २ तास २१ मिनिटं ४८ सेकंद लागले. दोघींचीही हीच वेळ, कारण शेवटची रेघ हात धरून ओलांडली.

पळणाऱ्यांच्या जगात ज्याच्या त्याच्या सर्वात चांगल्या वेळेला फार मान. पहिला आला त्याचं नाव कुणी विचारत नाही. तुझी वेळ किती आणि मागची किती, एवढंच विचारतात. आमच्याच जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या मोहीत वाढलेली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. पी. टी. उषानंतर, म्हणजे १९८४ नंतर, ट्रॅकवर अंतिम फेरीत गेलेली ती पहिली भारतीय बाई. त्याआधी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत ती सलग तीनदा पहिली आली होती. थोरली वर्गात हे सांगते. पण हौशी माणसाची शर्यत ललिताशी नसते. मागच्या वर्षीच्या आपल्याशीच असते, आणि मागच्या वर्षीचे आपण बऱ्याचदा तरुण असतो, हीच पंचाईत.

२०२४ च्या उन्हाळ्यात दिराचा फोन आला. व्हिसाचं काम होतंय, पुढल्या फेब्रुवारीत धाकटीनं आणि मुलीनं मस्कतला यायचं. घरात आनंद झाला. खोटं कशाला, आम्हालाही झाला. नऊ वर्षांच्या पोरीनं बापाला मोबाइलच्या काचेतूनच पाहिलेलं. त्या रात्री भांडी घासताना धाकटी म्हणाली, "भाभी, जाने के पहले एक बार सव्वादोन घंटे में करना है." थोरली म्हणाली, करू. करू म्हणजे दोघी, हे कुणी वेगळं बोललं नाही.

जानेवारी २०२५ ची मुंबईची अर्धी मॅरेथॉन ठरली. थोरलीनं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं हिशेब मांडला. एक किलोमीटर ६ मिनिटं २४ सेकंदांत पळालं तर एकंदर २ तास १५ मिनिटं १ सेकंद होतात. एका सेकंदानं हुकतं! म्हणून ६ मिनिटं २३ सेकंद. तो आकडा फ्रीजवर चिकटवला. अम्मांना वाटलं गॅसचा नंबर.

तयारीचं सांगायचं तर त्यात मर्दुमकी थोडी आणि कंटाळा फार. नवख्यांना वाटतं रोज जोरात पळालं की वेग वाढतो. रोज जोरात पळालं की गुडघे जातात. आठवड्यातले तीन दिवस इतकं सावकाश पळायचं की बोलता आलं पाहिजे. आम्हाला ते फार मानवलं. घरातले सगळे निकाल त्याच वेळी लागायचे. मंगळवारी स्टेडियमवर चारशे मीटरच्या आठ फेऱ्या, दोन फेऱ्यांच्या मधे दोन मिनिटं चालणं. गुरुवारी समर्थ मंदिरावरून यवतेश्वरच्या चढाला. रविवारी लांब पल्ला, बारापासून वाढवत अठरापर्यंत. हळू आणि लांब पळण्यानं शरीर चरबी जाळायला शिकतं, स्नायूंतली साखर पुरवून वापरतं. थोरलीची साखर याच रविवारांनी उतरली, गोळी अर्ध्यावर आली. धाकटीनं नाचणी, खजूर, काळे चणे आणि लोहाच्या गोळ्या यांच्यावर हिमोग्लोबिन साडेअकराला नेलं. आणि मग ती जी सुटली! सप्टेंबरच्या घाटात ती पुढं जायची, वळणावर थांबायची, थोरली आली की पुन्हा निघायची. आम्हाला तेव्हा ते प्रेमाचं वाटलं. प्रेमाचंच होतं. पण घड्याळाच्या हिशेबात त्याचा अर्थ वेगळा होता, आणि गणिताच्या बाईंनी तो हिशेब मांडायचं टाळलं.

एक गोष्ट बायकांच्या पळण्यात असते, ती पुरुषांच्या लेखांत येत नाही म्हणून लिहितो. त्याआधीच्या रमजानात, २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये, आम्ही इफ्तारच्या पाऊण तास आधी पाचच किलोमीटर, अगदी सावकाश पळायचो. घरी पोचेपर्यंत अजान. पण महिन्यातले जे दिवस बाईला रोजा नसतो, त्या दिवसांत धाकटी लांब पल्ला उरकून घ्यायची. पोट दुखायचं तरी. म्हणायची, पाणी प्यायची मुभा आहे तोवर पळून घेते. थोरलीचं ते चक्र त्या सुमारास थांबत आलेलं. रात्री घाम, सकाळी पाय जड. दोघी एकाच रस्त्यावर, पण शरीरं दोन वेगळ्या गावांना निघालेली.

मुंबईच्या स्पर्धेत एक अडचण आम्हाला महिनाभर आधी दिसली. अर्धी मॅरेथॉन पहाटे पाचला सुटते. जानेवारीत मुंबईला फजरची वेळ सहाच्या सुमारास लागते आणि सव्वासातच्या जरा आधी सूर्य उगवतो. म्हणजे नमाजची सबंध वेळ रस्त्यावर. निघायच्या आधी पढता येत नाही, पोचेपर्यंत कजा होते. घरात यावर संसदेसारखी चर्चा झाली. अम्मा म्हणाल्या, जानबूझ के कजा नक्को. थोरलीचे मालक म्हणाले, पेट्रोल भरायला थांबतात तसं थांबा. थांबायचं तर तीन-साडेतीन मिनिटं जाणार, आणि मग प्रत्येक किलोमीटर दहा सेकंदांनी जास्त वेगात पळायला हवा. ते आमच्याच्यानं होणार नव्हतं. आम्ही तो विषय अल्लावर सोपवून बॅगा भरल्या.

नागपाड्याला नात्यातल्या एका घरी उतरलो. रात्री अडीचला उठलो. धाकटी न्हाणीघरातून बाहेर आली आणि कानात म्हणाली, "भाभी, मेरेकू छुट्टी लग गयी." म्हणजे तिला नमाज माफ. दोघी अंधारात तोंडावर हात धरून हसलो. थोरलीनं वजू केली. घामानं वजू तुटत नाही, एवढा आधार.

माहीमला गर्दीत उभ्या राहिलो. मखदूमशहा बाबांचा दर्गा तिथून जवळच. थोरलीनं मनातल्या मनात सलाम केला. अंगाला बामाचे वास, पायात शेकडो रंगांचे बूट, कुणी जांभया देतंय, कुणी सेल्फी काढतंय. छातीवरच्या नंबराला चिप असते, आपला पाय सुरुवातीच्या पट्टीवर पडतो तेव्हा आपलं घड्याळ सुरू होतं. आमचं पाच वाजून दहा मिनिटांनी झालं.

पहिले पाच किलोमीटर धाकटीला मागं खेचण्यात गेले. सुरुवातीला जो वेग फुकट मिळतो तो शेवटी व्याजासकट वसूल होतो, हे आम्ही घाटात शिकलो होतो. ६ मिनिटं २० सेकंद, २५, २२. मुंबईकर त्या वेळी उठून रस्त्यावर आलेले. कुणी ताट वाजवतंय, कुणी संत्र्याच्या फोडी धरून उभं, एक आजोबा बिस्किटाचा पुडा पुढं करून प्रत्येकाला "घे, घे" म्हणत होते. वरळीपर्यंत आम्ही अगदी हिशेबात होतो. त्यानंतर थोरलीची उजवी मांडी आखडायला लागली. ती बोलली नाही. धाकटीनं वेग अर्ध्या पावलानं कमी केला. तीही बोलली नाही. ६ मिनिटं २८. ६ मिनिटं ३१.

हाजीअलीशी आलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. अजून अंधारच होता, समुद्रात दर्ग्याचे दिवे दिसत होते. पुढं पेडर रोडचा चढ, आणि आठेक किलोमीटर बाकी. थोरली म्हणाली, "तू जा. मैं पढके आती."

धाकटी म्हणाली, "मैं रुकती."

"तेरेकू छुट्टी है ना? फिर जा. पीछे देखना नहीं."

दोन पावलं ती उलटी पळाली, तोंड आमच्याकडं करून. मग वळली. तिचा हिरवा रुमाल गर्दीत दोनदा दिसला आणि मग दिसेना.

इथून पुढं आम्ही म्हणायचं तर कुणाला? पण सवय जात नाही. आम्ही फुटपाथवर चढलो. तिथं किबला शोधावा लागत नाही; पश्चिमेला समुद्र, समोर दर्गा. बूट काढले असते तर सुजलेले पाय परत आत गेले नसते, म्हणून बुटांसकट उभ्या राहिलो. सजद्यात गेलो तेव्हा मांडीत असा गोळा आला की उठता येईना. पाणी देणारी एक स्वयंसेवक पोरगी चक्कर आली समजून दुखण्यावरचा स्प्रे घेऊन धावत आली, आणि काय चाललंय ते कळल्यावर स्प्रे हातात धरून तशीच बाजूला उभी राहिली. सलाम फेरल्यावर तिनं काही न विचारता मांडीवर तो गार फवारा मारला. नाव विचारायचं राहिलं.

आम्ही नमाजसाठी थांबलो की पाय संपले म्हणून, हे अल्लालाच ठाऊक. घरी सगळे पहिलंच धरून चालतात. अम्मा तर मोहल्ल्यात सांगतात. आम्ही खोडून काढलं नाही. पण एवढं खरं की धाकटी त्या क्षणी आमच्याजवळून सुटली नसती तर तिचे सव्वादोन तास गेले होते, आणि ते दीड वर्ष थोडे थोडे आमच्यामुळंच जात होते.

पेडर रोड चढलो. यवतेश्वरच्या मानानं तो चढ काय! पण तेरा-चौदा किलोमीटरनंतर जिनाही डोंगर होतो. चौपाटीला उजाडलं. मरीन ड्राइव्हचा वळसा संपता संपत नाही; समोरची इमारत दहा मिनिटं तेवढीच लांब दिसते. एकट्या पळताना पहिल्यांदा आमच्या लक्षात आलं की आपल्या श्वासाचा आवाज कसा आहे हे आपल्याला माहीत नाही. आजवर दोघींचा मिळून एकच ऐकत आलो होतो.

आझाद मैदानात ती सापडायला अर्धा तास लागला. एका हातात केळं, गळ्यात पदक, आणि रडत होती. आम्हाला वाटलं हुकलं. तिनं मोबाइल पुढं केला. २ तास १३ मिनिटं ५३ सेकंद. "मैंने घडी नहीं देखी भाभी. डर लगता था." मग आमच्या वेळेचा मेसेज बघितला. २ तास २१ मिनिटं ९ सेकंद. साडेतीन मिनिटं फुटपाथवर घालवून मागच्यापेक्षा एकोणचाळीस सेकंद कमी. हे एकोणचाळीस सेकंद कुठून आले ते गणिताच्या बाईंना अजून उलगडलेलं नाही. कदाचित मांडीला विश्रांती मिळाली असेल. अम्मांचं म्हणणं वेगळं आहे.

फेब्रुवारीत धाकटी गेली. विमानतळावर तिच्या सामानाचं वजन जास्त भरलं. शिलाई मशिनचे सुटे भाग निघाले नाहीत, लोणचं निघालं. बूट पायात होते.

तिचा रमजान १ मार्चला लागला, आमचा २ मार्चला. ईद एकाच दिवशी आली, त्यामुळं तिचे तीस रोजे झाले, आमचे एकोणतीस. एक जास्त केला म्हणून ती अजून ऐकवते. मत्राहच्या समुद्राकाठचा रस्ता तिला सापडलाय. उन्हाळ्यात इशानंतर पळते, तेव्हाही हवा भट्टीसारखी असते म्हणते. नवरा मुलीला घेऊन बाकावर बसतो. पहिल्या आठवड्यात म्हणाला, किती वेळ? दुसऱ्या आठवड्यात त्यानं घड्याळ लावलं.

आम्ही स्टेडियमवर जातो. वॉचमनकाकांच्या खुर्चीवर आता एकच बुरखा असतो. मंगळवारच्या आठ फेऱ्यांपैकी सहा होतात. सावकाश पळण्याच्या दिवशी अडचण होते, कारण बोलता येईल इतकं सावकाश पळायचं असतं. मग मोबाइल खिशात ठेवून कानात यंत्र घालतो आणि तिला फोन लावतो. तिकडं दीड तास मागं असतं, सगळे झोपलेले. ती उशाशी फोन ठेवून कुजबुजत विचारते, "भाभी, किती झाले?"

"तीन."

"सांस क्यूं फूल रही? आहिस्ता चलो ना."